घरात 'गो' म्हणायचं नाही

आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नसे. 'येतो' म्हणायचं आणि मगच चपलेत पाय घालायचा. आता ही रीत काही आमच्या एकट्याच्या घरची नाही, घरोघरची आहे. पण आमच्या आईनं तिचा पार कायदा करून टाकला होता. कुणाच्या तोंडून चुकून 'जातो' निसटलं, तर ती त्याला उंबऱ्यावरून माघारी बोलवायची, खाली बसवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि नीट 'येतो' वदवून घेऊन मगच सोडायची. दूध घालायला येणारा गवळीसुद्धा यातून सुटला नव्हता. माझी तर यापायी कॉलेजची एसटी कितीदा चुकली. मी चिडून म्हणायचे, "अगं, मी बारामतीला निघालीया, लढाईला न्हाय." आईचं आपलं एकच, "पानी पी."

मुळात ही रीत एवढी कडक होती ती आबांच्या घराण्यात. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं गाव कऱ्हाटी. त्यांच्या आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कर्ते पुरुष कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि उन्हाळा सरता सरता माघारी यायचे. निघताना जो 'येतो' म्हणाला तो येतो, अशी बायकांची समजूत. पुढं मेंढरं गेली, शेती आली, आबा तर शेतीही सोडून साखर कारखान्यात फिटर झाले. रीत मात्र राहिली, आणि तिला सगळ्यात घट्ट धरून बसली ती पळसदेवहून सून म्हणून आलेली आमची आई. आबांच्या सख्ख्या बहिणीसुद्धा तिच्यापुढं ढिल्या वाटायच्या.

हे सगळं सांगायचं कारण असं, की नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात आबांना इंग्रजी शिकायची निकड लागली, आणि इंग्रजी सुरू होतं तेच मुळी 'गो'पासून.

आम्ही तेव्हा माळेगाव बुद्रुकला राहत होतो, दोन खोल्या आणि वर पत्र्याचं छप्पर. त्या काळात आमच्या भागातले साखर कारखान्यातले जाणते कामगार आफ्रिकेतल्या कारखान्यांवर जायला लागले होते. आफ्रिकेत देश किती, त्यातला नेमका कुठला, हे कुणी विचारत नसे. नीरेच्या पुढचाच एखादा थांबा असावा तसं लोक म्हणायचे, "त्यो का? त्यो आफ्रिकेला असतोय." आबांच्या हाताखाली काम शिकलेला एक फिटर असाच गेला आणि सुट्टीवर आला तो टेपरेकॉर्डर आणि काळा चष्मा घेऊन. आबा त्याच्याशी हसून बोलले, त्याच्या पाठीवर थापही मारली. पण घरी येऊन ते चांगला चालता स्टोव्ह उगाच खोलून बसले. आमचे आबा दुःखी झाले की काहीतरी खोलायचे.

त्याआधी दोनदा ते मुलाखतीला जाऊन आले होते. दोन्ही वेळा एकच झालं. "इचारलेलं समदं येत हुतं गं," ते म्हणाले होते, "सांगता आलं न्हाय." आता पुन्हा बोलावणं आलं होतं. आफ्रिकेतल्या एका कारखान्याचे साहेब पावसाळ्याच्या आधी पुण्यात बसणार होते. आबांचं वय बघता यानंतर कुणी बोलावणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर आयुष्यभर घरातले स्टोव्ह खोलत बसायचं.

मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, तेही इंग्रजी घेऊन. त्यामुळे मला इंग्रजी येतं अशी घरच्यांची पक्की समजूत होती. ती मोडायची माझी छाती झाली नाही. खरं तर आमच्या कॉलेजात इंग्रजी फक्त लिहायचं असायचं. ते कुणी कुणाशी बोलत नसे, सरसुद्धा नाही. पण आबांनी विचारलं, "शिकवशील का मला?" आणि मी अशा तोऱ्यात 'हो' म्हणाले, जसं काही लंडनहूनच आले होते.

कारखान्याचा हंगाम संपला होता. उन्हाळ्यात फिटर लोकांचं काम म्हणजे ऊस पिळायच्या सगळ्या मिली खोलून दुरुस्त करायच्या. त्यामुळे आबा संध्याकाळी उजेडी घरी असायचे. हातपाय धुऊन, चहा घेऊन ते भिंतीला टेकून बसले. मी पुढ्यात बसले. पहिला धडा मी थाटात सुरू केला. "म्हणा, आय गो टू फॅक्टरी."

"आय गो टू फॅक्टरी," आबा म्हणाले.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. आई झारा हातात घेऊनच दारात आली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, 'गो' आणि 'कम' कळायला तिला माझी गरज नव्हती. "काय म्हनला?"

"आई, इंग्रजी चाललंय."

"कळलं मला. घरात 'गो' म्हनायचं न्हाय."

"अगं, इंग्रजीत त्याला काही अर्थ नसतो!" मी तावातावानं म्हणाले. शिक्षिका म्हणून माझं हे पहिलं वाक्य, आणि तेच असलं.

"देवाला काय इंग्रजी येत न्हाय व्हय?" आई म्हणाली, आणि आबांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

आबा मुकाट्यानं पाणी प्यायले आणि म्हणाले, "आय कम टू फॅक्टरी." वर माझ्याकडं बघून म्हणतात, "त्यात काय एवढं? आपन 'कम' म्हनू." त्यांना वाटलं प्रश्न मिटला. आई तर समाधानानं आत गेली. मी मात्र कपाळाला हात लावून बसले.

त्या आठवड्यात काय काय झालं ते सांगायची सोय नाही. आबांचा भाऊ पुण्याला 'केम' झाला. ऊस कारखान्याकडं 'कम' व्हायला लागला आणि मळीसुद्धा 'कम'च होत बाहेर पडायला लागली. जगात जाणारं असं काही उरलंच नाही, सगळं आपलं आमच्याकडंच येत होतं. मी ओरडायचे, आबा ओशाळायचे, आई आतून विचारायची, "वरडतीस कशाला बापावर?" माझा स्वभाव मुळात तापट. एकदा मी पुस्तक आपटून म्हणाले, "मग जाऊच नका आफ्रिकेला!" आणि आई पटकन म्हणाली, "ह्ये बरूबर बोलली." तेव्हा मला कळलं, की या कायद्यामागं नुसती रीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आबांना घेऊन कालव्यावर गेले.

कालव्याचा भराव आमच्या घरापासून जवळच. बाभळीच्या सावलीत बसायला जागा, खाली पाणी, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर छप्पर नाही. आईचा कायदा घरापुरता. "आता म्हणा," मी म्हणाले. आबांनी आधी मागं वळून पाहिलं, मग घसा साफ केला आणि एवढ्या मोठ्यानं "आय गो!" म्हणाले, की खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी कपडे आपटायचे थांबवले. मग त्यांना जोरच चढला. "आय अॅम गोइंग! ही इज गोइंग! दे आर गोइंग!" सायकलवरून चाललेला ओळखीचा एक म्हातारा उतरून म्हणाला, "कुठं निगालाव, फिटर?"

"कुठं न्हाय, तात्या. इंग्रजी हाय."

"आसं व्हय," म्हणून तो पुन्हा सायकलवर बसला. आमच्याकडं इंग्रजी म्हटलं की काहीही चालून जायचं.

कालव्यावर आबांची गाडी सुसाट सुटली. मला तर शिकवायचं म्हणजे काय हे तिथंच कळलं. पुस्तकात 'रेज' आणि 'राइज' यांच्यापुढं नुसते अर्थ दिलेले होते, दोन्हीकडं 'वर'. आबा म्हणाले, "दोनी वरच, तर मग दोन कशाला?" मी जरा अडखळले, मग सुचलं. "सूर्य वर येतो, त्याला कुणी उचलत नाही, तो राइज. तुम्ही चेन लावून मिलचा रोलर वर उचलता, तो रेज. आपोआप होतं ते राइज, हात लावावा लागतो ते रेज." आबा खूश झाले. "म्हंजी दूध उतू आलं तर राइज."

"आणि आईनं पातेलं उचललं तर रेज."

'से' आणि 'टेल' मात्र आईच्याच जिवावर पार पडले. आई रागावली की आबांशी बोलायची नाही, भिंतीशी बोलायची. "काही लोकांना घरात मीठ संपलेलं दिसत न्हाय," असं भिंतीला ऐकवायची. मी आबांना म्हणाले, "आई भिंतीकडं बघून म्हणते ते 'से'. नुसतं म्हणणं. आणि माझ्याकडं बघून, 'तुझ्या बापाला मीठ आणायला सांग,' म्हणते ते 'टेल'. टेलला समोर माणूस लागतो." त्यानंतर घरात आईनं भिंतीशी बोलायला सुरुवात केली की आबा हळूच माझ्याकडं बघून म्हणायचे, "से." आईला वाटायचं, नवीन काहीतरी शिकवलंय पोरीनं.

'लेंड' आणि 'बॉरो'नं आमचा अंत पाहिला. मी विरजणाचं उदाहरण दिलं. शेजारीण आपल्याकडं विरजण न्यायला आली, तर ती 'बॉरो' करते आणि आपण 'लेंड'. आबांना पटेना. "विरजान कुनी माघारी देतंय का? मग त्ये उसनं कसं?" बरं, मग पाना घ्या. "तुमचा पाना शेजारच्या फिटरनं नेला." तर म्हणे, "पाना कुठं माझा हाय? ज्याच्या हातात त्याचा." आमच्या भावकीत आणि कारखान्यात उसनवारीचा हिशोब एवढा गुंतलेला, की देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवताना अंधार पडायला लागायचा. शेवटी मी वैतागून म्हणाले, "आफ्रिकेत कुणाचं काही उसनं घेऊ नका, कुणाला देऊ नका. विषय संपला."

एका संध्याकाळी 'ब्रिंग' आणि 'टेक' काढलं. हे मला सोपं वाटत होतं. "सकाळी डबा कारखान्यात नेता, ते टेक. रिकामा डबा घरी आणता, ते ब्रिंग. आपण उभे आहोत तिकडं यायचं ते ब्रिंग, तिथून लांब जायचं ते टेक."

आबांनी काडीनं मातीत रेघ ओढली. "आन मी तितं असल्यावर? हितनं लोनच्याची बरनी कुनी घेऊन येनार आसंल, तर त्येला काय म्हनायचं?"

"तुम्ही तिथं उभे ना? मग तिकडं ब्रिंग."

"म्हंजी मी हितं आस्तो तवा हिकडं ब्रिंग, आन तितं आस्तो तवा तिकडं ब्रिंग."

"बरोबर."

"आन घर?" आबा म्हणाले. "घर हितंच ऱ्हाईल की."

तोपर्यंत मी आबांचं इंग्रजी दुरुस्त करण्यात एवढी रंगून गेले होते, की ते कशासाठी चाललंय याचा मला विसरच पडला होता. हा माणूस शिकला तर जाणार होता, निदान दोन-तीन वर्षं तरी. जेवढं मी चांगलं शिकवणार तेवढा तो लांब जाणार. मला एकदम भीती वाटली, आणि त्या भीतीचा राग आबांवरच निघाला. "रेघा काय ओढता मातीत? लक्ष द्या इकडं!"

मे महिन्यात आम्ही पळसदेवला, आईच्या माहेरी गेलो. उजनी धरणाचं पाणी खाली गेलं की बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ वर दिसायला लागतं, त्या वर्षीही दिसत होतं. मामांनी पकडलेल्या माशांचं कालवण खाऊन आम्ही संध्याकाळी पाण्याच्या कडेला बसलो होतो. इथंही छप्पर नव्हतं, तेव्हा मी आबांना 'सी', 'लुक' आणि 'वॉच' समजावून दिलं. डोळे उघडे आहेत म्हणून दिसतं ते सी. मुद्दाम मान वळवून पाहिलं ते लुक. आणि ज्वारीची राखण करताना पाखरांवरनं नजर काढत नाही, ते वॉच. आई आमच्यापासून जरा पुढं, पाण्याजवळ बसली होती. तिकडं बोट करून आबा हळू आवाजात म्हणाले, "शी इज वॉचिंग."

मला वाटलं, देवळाकडं बघत असेल. मी उठून तिच्याजवळ गेले. ती देवळाकडं बघत नव्हती. पलीकडच्या काठाला एक होडी चालली होती, तिच्याकडं बघत होती. मला म्हणाली, "कितपत आलं गं तुज्या बापाला?"

"बरंच आलं."

"येऊ दे," ती म्हणाली. "त्येंच्या मनात लई हाय, त्ये मला काय कळत न्हाय व्हय? दोन बाऱ्या माघारी आलं तवा त्येंचं तोंड मी बघितलंय. येऊ दे इंग्रजी. पन लई येऊ देऊ नगंस. तितंच करमाय लागंल."

एवढी कडक बाई, आणि एवढ्या मऊ आवाजात बोलली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "सरक तिकडं, उकडतंय."

मुलाखतीला मी आबांबरोबर पुण्याला गेले. आईनं त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री करून आणली होती. दुसऱ्या मजल्यावर एक ऑफिस, बाहेर लांब गॅलरी, तिच्यात बाक. तिथं आमच्यासारखेच आणखी काही लोक बसले होते, सगळे ओठ हलवत, जणू परीक्षेच्या आधी मारुतीच्या देवळात बसलेली मुलं. आबांचं नाव पुकारलं आणि ते आत गेले. दार लागलं.

मी मनातल्या मनात प्रश्न-उत्तरं करत होते. आता नाव विचारलं असेल. आता अनुभव. आता कुठल्या मिलवर काम केलंय ते. तेवढ्यात दार उघडलं आणि आबा बाहेर आले. इतक्या लवकर कुणीच बाहेर आलं नव्हतं. चेहरा घामानं डबडबलेला. गेलं, मला वाटलं, या खेपेलाही गेलं. पण त्यांच्या मागोमाग चष्मा लावलेले एक वयस्कर साहेबही बाहेर आले. दिसायला दक्षिणेकडचे. ते काळजीनं विचारत होते, बरं वाटत नाही का, पाणी पाहिजे का.

आबांनी मान हलवली. ते गॅलरीच्या कठड्यापाशी गेले, दोन्ही हातांनी कठडा धरला, मान बाहेर काढून वर आभाळाकडं बघितलं. डोक्यावर छप्पर नाही याची खात्री करून घेतली, आणि कालव्यावरच्या आवाजात म्हणाले, "आय वॉन्ट टू गो, सर. आय विल गो. आय विल वर्क. अँड आय विल कम बॅक!"

खाली स्कूटर लावणारा शिपाई वर बघायला लागला. बाकावरच्या लोकांचे ओठ हलायचे थांबले. मला कळलं काय झालं होतं. आत विचारलं असणार, तुम्हाला का जायचंय? आणि 'गो' हा शब्द आमच्या आबांच्या तोंडातून छपराखाली निघेचना. आईनं एवढं पाणी पाजलं होतं, की त्यांच्या जिभेनं आता कायदा मोडायला साफ नकार दिला. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं केली नसेल.

साहेबांनी विचारलं, हे आत का नाही सांगितलं? मी उठले, म्हटलं आपण समजावून सांगावं. आबांनी हातानंच मला खाली बसवलं. "सर, इन माय हाऊस, गो नॉट अलाउड. माय वाइफ, व्हेरी स्ट्रिक्ट. अंडर रूफ, नो गो. ओन्ली कम. गो, आय लर्न ऑन कॅनॉल."

साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. डोळे पुसत त्यांनी हिंदी-इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की त्यांच्या भाषेतही 'जातो' म्हणत नाहीत, 'जाऊन येतो' म्हणतात, आणि त्यांची आई अजून, या वयातही, त्यांना उंबऱ्यावरून परत बोलवते. मग त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला, आता मशिनरीचं बोलू, त्याला छप्पर चालेल ना?

या वेळी आबा बराच वेळ आत होते. दाराबाहेर त्यांचा आवाज येत होता. अडखळत होते, थांबत होते, पण बोलत होते. मध्येच एकदा "वुई रेज द रोलर, सर," असं स्पष्ट ऐकू आलं आणि मी बाकावर एकटीच हसले. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, पोरीला काही झालंय.

त्यांची निवड झाली. कळलं त्या दिवशी आबा कारखान्याच्या कॉलनीत पेढे वाटत फिरले, आई देवापुढं साखर ठेवून स्वयंपाकाला लागली. भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "चांगलं शिकवलंस." भिंतीला नाही, मला. कौतुक होतं की तक्रार, मला अजून उमगलेलं नाही. बहुतेक दोन्ही असेल.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. जीप आली, सामान चढलं, भावकी जमली. आबा 'येतो' म्हणाले, आई 'या' म्हणाली, आणि ती घरात वळली ती जीप निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर मला काय करावं कळेना. मी सवयीनं कालव्यापर्यंत गेले आणि अर्ध्या वाटेवरून माघारी आले. मला माझ्या इंग्रजीचा, कॉलेजचा, सगळ्याचाच राग आला होता. मीच शिकवलं, मीच पाठवलं, आणि आता कुणावर ओरडायचं?

आबांनी निरोप धाडला, की अमुक रविवारी दुपारी नाक्यावरच्या फोनच्या बूथवर फोन करतो, दोघी येऊन थांबा. आईनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. मी म्हणाले, "आई, फोनमधून दिसत नाही." ती म्हणाली, "मला ठावं हाय." आम्ही जेवणसुद्धा गडबडीत उरकून बूथवर जाऊन बसलो. बूथवाल्यानं आईला बसायला स्टूल दिलं.

फोन वाजला. आधी नुसती खरखर, मग एकदम जवळ असल्यासारखा आबांचा आवाज. आईनं 'बरं हाय', 'व्हय', 'जेवता का येळंवर' एवढंच म्हटलं आणि घाबरून रिसिव्हर माझ्या हातात दिला. लांबच्या फोनवर फार बोललं तर काहीतरी मोडेल असं तिला वाटायचं. मग आबा आणि मी बोलायला लागलो. पाऊसपाणी कसं आहे, माझा अभ्यास कुठवर आला, मामा येऊन गेला का. मध्येच तिकडं दार वाजल्याचा आवाज झाला. कुणीतरी आबांना इंग्रजीत काही विचारलं. त्याचं बोलणं मला नीट कळलं नाही.

आबांना पूर्वी इंग्रजी बोलायचं झालं, की आधी एक श्वास घ्यावा लागायचा. प्रत्येक क्रियापदापाशी ते अडायचे, माझ्याकडं बघायचे, मी भुवया उडवल्या की बदलायचे. आता श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं नाही. ते फोनवर हातसुद्धा न ठेवता, अगदी सहज, त्या माणसाला म्हणाले, "प्लीज वेट. आय अॅम टॉकिंग टू माय टीचर."

आणि लगेच मला, "हां, बोल बाय. काय म्हनत हुतीस?"

मला काय म्हणत होते ते आठवेना. मी रिसिव्हर तसाच आईच्या हातात दिला. ती 'हॅलो, हॅलो' करत राहिली, मग दोन शब्द बोलली, आणि फोन बंद झाला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर पुढं केला.

"रडतीस कशापायी? इंग्रजीत काय बोललं त्ये? वंगाळ काय बोललं का?"

"न्हाय," मी म्हणाले. "एकदम बरोबर बोलले."